पावसाची रोजकीर्द

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केलेली आहे. परीक्षेत तिला दोन गुण मिळत. या म्हणीचा कधी हिशेब मांडून पाहावा लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हवामानावर लिहू लागला की शास्त्र शाखेचे मित्र हसतात. "जमाखर्च सोडून तू ढगांत कशाला शिरतोस?" असे एकाने मला विचारलेही. त्याला उत्तर म्हणून हा लेख आहे. हवामानबदल शास्त्रज्ञांनी सिद्ध केला, २०१५ साली पॅरिसमध्ये सरकारांनी त्यावर करार केला, हे सर्व खरे. पण तोच विषय शिवारात येऊन पोहोचतो तेव्हा तो बराचसा हिशेबाचा होतो. किती जमा झाले, किती खर्ची पडले, तूट कुणाच्या नावे टाकायची आणि राखीव काय ठेवायचे, हे प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहेत.

आमचे दोन एकर भातशेत वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बेळगावच्या वाचकांना या नाल्याची ओळख करून द्यायला नको. बाहेरगावाहून वसतिगृहात राहायला आलेल्या मित्रांसाठी एवढेच सांगतो की शहराच्या दक्षिणेकडील पावसाचे पाणी घेऊन तो पुढे मार्कंडेय नदीकडे जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना शहापूर, वडगाव, येळ्ळूर या भागातील सुवासिक भाताची शेते आहेत. भात निघाले की जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा अशी कडधान्ये होतात. खरिपात नाल्याने थोडे दिले, रब्बीत जमिनीने थोडे दिले, असा आमच्या आजोबांच्या काळचा हिशेब होता. त्यात फार नफा नव्हता. पण खाते सहसा तोट्यात जात नसे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नववीत होतो. त्या वर्षीचा महापूर सगळ्या बेळगाव जिल्ह्याने पाहिला. आमच्या शेतात नाल्याचे पाणी शिरले आणि आठवडाभर हललेच नाही. लावणी होऊन रोप नुकते धरले होते, ते कुजले. आप्पांनी दुसऱ्यांदा रोप मिळवून लावले, तेही उशिरा म्हणून निम्मे भरले. २०२३ साली नेमके उलट झाले. जूनमध्ये पाऊसच आला नाही. धूळवाफेवर पेरलेले भात जमिनीतच वाळले, आणि ज्या राकसकोप जलाशयावर शहराचे नळ चालतात त्याची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येऊ लागली. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. चार वर्षांच्या अंतराने एकाच शेताला एकदा पाण्याने बुडवले आणि एकदा पाण्यावाचून. घरात विम्याचे कागद, सोसायटीचे कर्ज आणि बियाण्याच्या पावत्या मीच सांभाळत असल्यामुळे दोन्ही वर्षांच्या तोट्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत.

ही दोन वर्षे म्हणजे केवळ आमचे नशीब, असे म्हणून सोडून देता आले असते. पण जाणकार तसे म्हणत नाहीत. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे हवा पाणी जास्त वेळ अडवून धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असे दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि हे घडले ते मॉन्सूनचे वारे एकंदरीत मंदावत असताना. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर वार्षिक उलाढाल वाढलेली नाही. जमा मात्र हप्त्याहप्त्याने न होता एखाद्या दिवशी ढिगाने होते आणि मग कित्येक दिवस गल्ला रिकामा. असा धंदा ज्याला करायचा आहे त्याने काय करावे? पहिल्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी सांगेल की त्याने रोजकीर्द नीट ठेवावी, राखीव निधी बाजूला काढावा आणि येणाऱ्या तोट्याची तरतूद आधीच करावी. अपेक्षित नफा धरू नये, अपेक्षित तोटा मात्र धरावा, हे हिशेबशास्त्रातले सावधपणाचे तत्त्व आपण शिकतो ते याचसाठी.

हे तत्त्व पाण्याला लावणारे एक गाव आहे, हे मला आमच्या ग्रंथालयात समजले. अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. मी ते गाव अजून पाहिलेले नाही. पण जे वाचले त्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. १९८९ साली तिथे सरपंच झालेले पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले होते! गावात तेवढे शिकलेले तेच एक. पूर्वी हे गाव पैलवानांसाठी प्रसिद्ध होते. १९७२ च्या दुष्काळाने ते मोडले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे कामासाठी बाहेर पडली, आणि मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे वाढली. अशा गावात एका पदवीधराने काय करावे? त्याने नोकरी शोधावी, असे आपले सर्वांचे उत्तर असते. पवारांच्या घरच्यांनाही तसेच वाटत असेल तर नवल नाही.

पुढे जे झाले ते आता सर्वश्रुत आहे. डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांवर बांध आणि पाझर तलाव झाले, झाडे लावली. यातला बराचसा पैसा सरकारी योजनांचाच होता. रोजगार हमी होती, १९९० च्या दशकात आदर्श गाव योजना आली. अशा योजना तर शेकडो गावांना मिळाल्या. हिवरे बाजारने वेगळे केले ते नियमांच्या बाबतीत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. शेतीसाठी बोअरवेल खणायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असेही ठरवले. आणि त्यानंतर आला पाण्याचा ताळेबंद.

त्याची रीत साधी आहे. गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, किती मुरला, विहिरींची पातळी काय आहे, याचा हिशेब ग्रामसभेसमोर मांडला जातो. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा. तेवढे बाजूला काढल्यावर उरेल त्यावर रब्बीचे किती क्षेत्र भिजवायचे आणि कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाऊस कमी झाला असेल तर क्षेत्र कमी होते, आणि ते सर्वांचेच होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. या हिशेबाने ४०० मिलिमीटरच्या वर्षात गावाच्या अंगणात सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. पण त्यातले वाहून गेले किती, उन्हाने उडाले किती आणि मुरले किती, हे वजा केल्याशिवाय शिल्लक कळत नाही. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांत फरक असतो, तसेच हे. पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती ज्यांनी हा फरक पाळला त्या सगळ्या गावाचीच म्हटली पाहिजे.

याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला होता. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना पुरेल इतके वाटले गेले. भूमिहीनालाही वाटा होता. ऊस नव्हता. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा आपल्याकडचा अलिखित नियम त्यांनी खोडून टाकला. मला हा प्रयोग हिवरे बाजाराइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण टंचाईत पहिला प्रश्न 'किती' हा असला तरी दुसरा लगेच 'कुणाला' हा येतो. दुसऱ्या प्रश्नाला बगल देणारी योजना पहिल्या दुष्काळातच मोडते.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला गॅरेट हार्डिनचा १९६८ सालचा सिद्धान्त शिकवला गेला. गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येक जण आपले एक जनावर जास्त सोडतो आणि शेवटी गायरानच उरत नाही. हे पटते, कारण आपण ते रोज पाहतो. पण एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने जगभरातली मासेमारीची गावे, कुरणे, पाटबंधारे तपासले आणि असे दाखवले की हे अटळ नाही. सीमा स्पष्ट असतील, नियम त्या जागेला साजेसे असतील आणि ते वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, त्यांवर लक्ष ठेवणारे गावातलेच असतील, मोडणाऱ्याला पहिल्यांदा थोडा आणि मग वाढता दंड असेल, तर सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल २००९. हिवरे बाजारने ऑस्ट्रम वाचल्या असतील असे नाही. पण दोघांचा ताळा जुळतो.

आता आमच्याकडे वळतो, कारण दुसऱ्याच्या गावाचे कौतुक करणे सोपे असते. हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. हिवरे बाजार कोरड्या मुलखातले एकसंध खेडे आहे. पाणलोट त्याचा, ग्रामसभा त्याची. आमचे शेत महापालिकेच्या हद्दीत येते. तिथे ग्रामसभा नाही. पलीकडचे येळ्ळूर ग्रामपंचायतीत आहे, तिथे ती आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास आहेत; पण नाला एक आणि कारभार दोन, अशी आमची स्थिती. शिवाय आमच्याकडे तुटीइतकीच उधळणीची भीती. शंभर मिलिमीटर पाऊस एका दिवसात झाला तर आमच्या दोन एकरांवरच आठ लाख लिटर पाणी पडते, आणि त्यात वरच्या बाजूच्या वस्तीचे सिमेंटवरून धावत आलेले पाणी वेगळे. नाला जलपर्णीने भरलेला. तो साफ करावा म्हणून दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्यांची आमच्या घरी एक फाइलच झाली आहे.

आणखी एक अडचण आहे, ती घरातलीच. माझ्या काकांना त्यांच्या वाट्याची जागा भराव घालून गुंठ्यांनी विकायची आहे. त्यांच्यावर मी टीका करणार नाही. मुलीचे शिक्षण चालू आहे आणि तीन वेळा पीक गेलेल्या माणसाने पुन्हा चौथ्यांदा बी पेरावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? पण त्यांच्या वाट्यावर तीन फूट भराव पडला की तिथे उभे राहणारे पाणी नाहीसे होत नाही, ते शेजारच्या शेतात जाते. शेजारचे शेत आमचे आहे, आणि त्यापुढचे ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो त्या कन्नड शेतकऱ्याचे. काकांच्या खात्यात जी रक्कम जमा होईल तिच्यातली काही आमच्या आणि अण्णांच्या नावे पडणार, पण ती कोणत्याच वहीत लिहिली जाणार नाही. खरेदीखतात या खर्चाला रकाना नसतो. आप्पा आणि काका यावर आता फारसे बोलत नाहीत, आणि एका घरात न बोलता राहणे हे भांडणापेक्षा जड जाते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांची देवळाच्या मंडपात बैठक झाली. वीस-बावीस माणसे होती. मला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता येते म्हणून टिपणे घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी पर्जन्यमापकाचा विषय काढला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "पाऊस मोजून काय करायलास रे तू? मोजला म्हणून भात जास्त येतंय काय?" सगळे हसले. मग अण्णांनीच कन्नडमधून सांगितले की गेल्या पुराच्या वेळी नुकसानीच्या अर्जावर पाऊस किती पडला तो रकाना होता आणि आपल्यापैकी कुणालाच तो भरता आला नव्हता. त्यानंतर कुणी हसले नाही. 'ताळेबंद' या शब्दाला काय म्हणावे म्हणून मी अडलो होतो. अण्णांनी 'नीरिन लेक्क' असे सुचवले. पाण्याचा हिशेब. मराठीतही मग तेच नाव ठेवले, कारण ताळेबंद म्हटले की लोकांना बँकच आठवते.

त्या दिवशी जे ठरले ते असे. एक, तीन ठिकाणी सरळ काठाचे डबे ठेवून रोज सकाळी पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर, हे गणित वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांत लिहिले आहे. दोन, शेताशेतांतले पाण्याचे जुने चर ज्यांनी बुजवले त्यांनी ते मे महिन्यात खुले करायचे, आणि ते काम सर्वांनी मिळून करायचे, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवायला नको. तीन, रोपवाटिका दोन करायच्या. एक नेहमीच्या वेळी आणि दुसरी सामाईक, पंधरा-वीस दिवस उशिरा, उंचावरच्या जागेत. पहिली लावणी पुराने गेली तर दुसऱ्या रोपातून प्रत्येकाला वाटा. हा आमचा राखीव निधी. चार, प्रत्येकाने सुगीनंतर ठराविक बी सामाईक कणगीत ठेवायचे. पाच, कुणाला भराव घालायचा असेल तर त्याने आधी वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांना सांगायचे आणि पाण्याला वाट ठेवायची.

पाचव्या कलमावर बराच वेळ गेला. ते 'परवानगी घ्यावी' असे लिहावे अशी काहींची सूचना होती. काका मागे बसले होते. ते उठून म्हणाले, "सांगेन. परवानगी मागणार नाही." मी 'सांगावे' असेच लिहिले. ऑस्ट्रम यांच्या कसोटीला हे कलम कच्चे आहे, त्याला दंड नाही. पण काकांनी वहीत सही केली, आणि पाण्याला वाट ठेवण्याचे अर्धे कलम त्यांना मान्य आहे, एवढे तरी कागदावर आले. ते जमीन विकणार की नाही हे मला आजही माहीत नाही. विकली तरी खालचे दोन फूट रुंदीचे चर कुणाचेही नाहीत, ते सर्वांचे आहेत, हे आता लिहिलेले आहे.

याने बळ्ळारी नाला साफ होणार नाही. पृथ्वीचे तापमान तर नाहीच नाही. केंद्र सरकारने २००८ साली आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा केला. त्याच्यासमोर आमची वही म्हणजे पोरखेळ वाटेल. नाल्याची मोठी कामे ज्यांची आहेत त्यांनी ती केलीच पाहिजेत, आणि आमच्या वहीचा एक उपयोग त्यांना तसे आकड्यांनिशी सांगणे हाही आहे. पण मोठा आराखडा वरून खाली येतो, आणि शेवटच्या दोनशे पावलांत त्याला हात देणारे कुणी नसेल तर तो तिथेच अडतो. हिवरे बाजारात जे समतल चर खणले गेले तसेच सरकारी पैशातून इतरत्रही खणले गेले होते. काही ठिकाणी ते गाळाने भरून गेले. जिथे ते कुणाचे तरी होते तिथे ते राहिले.

शेवटी माझ्या शाखेच्या मित्रांना एक सुचवायचे आहे. आपल्या शहरात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून आहे. १९९५ च्या टंचाईनंतर शहरातल्या अनेक जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. म्हणजे या गावाला पाण्याचा सामाईक विचार नवा नाही. आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवर किती पाऊस पडतो आणि आवारात किती पाणी वापरले जाते, याची वही वाणिज्य शाखेने ठेवावी. भूगोलाचे प्राध्यापक मोजमाप शिकवतील, कन्नड विभागाचे मित्र दुसरी प्रत लिहितील. वर्षअखेरीस तो हिशेब याच अंकात छापावा. एक पान पुरेल. आमची वही मेअखेर सुरू होईल. पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून विहिरीची पातळी लिहून ठेवली आहे. बाकीची पाने कोरी आहेत.